ग्रंथालय प्रणालीसाठी आभासी यंत्राचा पुनर्वापरयोग्य साचा : अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात

बीजशब्द : आभासी यंत्र, साचा, क्लाउड, कोहा, ग्रंथालय संगणकीकरण

प्रस्तावना

महाविद्यालयीन ग्रंथालयाचे संगणकीकरण ही आता नवलाईची बाब राहिलेली नाही. नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालय व्यवस्थापन प्रणालीची माहिती द्यावी लागते, त्यामुळे लहान महाविद्यालयांनाही या वाटेने जाणे भाग पडले आहे. या कामी वापरल्या जाणाऱ्या मुक्त प्रणालींमध्ये 'कोहा' प्रमुख होय. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा हाताळू शकणार नव्हती. म्हणून १९९९ मध्ये काटिपो कम्युनिकेशन्सने ही नवी प्रणाली रचली आणि जानेवारी २००० मध्ये ती वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तिला परवाना शुल्क नाही. मात्र विनामूल्य मिळणारी वस्तू विनासायास उभी राहते असे नाही.

कोहा उभारण्यासाठी लिनक्स, मारियाडीबी ही माहितीसंग्रह प्रणाली, अपाचे हा वेब सर्व्हर आणि झेब्रा ही शोधयंत्रणा यांची जुळणी करावी लागते. ही जुळणी बहुधा एकच व्यक्ती करते. ती कधी तासिका तत्त्वावरील अध्यापक असते, तर कधी बाहेरून बोलावलेला तंत्रज्ञ. पुढे ती व्यक्ती अन्यत्र जाते, सर्व्हर ग्रंथालयाच्या कोपऱ्यात चालू राहतो आणि एके दिवशी त्याची हार्ड डिस्क निकामी होते. ग्रंथनोंदींची प्रत पेनड्राइव्हवर असली तरी ती चालेल असे यंत्र पुन्हा कसे उभारावे, हे कोणालाच ठाऊक नसते. हजारो ग्रंथांच्या नोंदी हाताशी असूनही ग्रंथपालास देवघेवीसाठी पुन्हा कागदी रजिस्टर काढावे लागते. प्रस्तुत लेखात या अडचणीवरील एका उपायाचा, म्हणजे आभासी यंत्राच्या साच्याचा, विचार केला आहे.

आभासी यंत्र व साचा

एका प्रत्यक्ष संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा भास निर्माण करण्याचे तंत्र आयबीएमने १९६० च्या दशकातच विकसित केले होते. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ते सामान्य संगणकावर आणले आणि २००७ मध्ये केव्हीएमच्या रूपाने ते लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाले. अशा आभासी यंत्राची संपूर्ण हार्ड डिस्क म्हणजे वस्तुतः एक फाइल असते. फाइलची प्रत काढता येते, म्हणजेच यंत्राचीही प्रत काढता येते. सर्व प्रणाली बसवलेली, परंतु कोणत्याही एका महाविद्यालयाची माहिती नसलेली अशी डिस्क-फाइल म्हणजे साचा. २००६ मध्ये सुरू झालेल्या ॲमेझॉनच्या ईसी-टू सेवेचा पायाही अशाच प्रतिमांवर रचलेला आहे.

क्लाउड आता भौगोलिकदृष्ट्याही दूर राहिलेला नाही. मायक्रोसॉफ्टचे अझूर केंद्र २०१५ मध्ये पुण्यात, तर ॲमेझॉनचे केंद्र २०१६ मध्ये मुंबईत सुरू झाले. शासकीय कार्यालयांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा 'मेघराज' हा राष्ट्रीय क्लाउड २०१४ पासून आहे.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. येथे एकाच संस्थेची महाविद्यालये दूरदूरच्या तालुक्यांत आहेत. उदाहरणादाखल, रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये दक्षिणेस कर्जत येथे आहेत, तशीच उत्तरेस श्रीरामपूर व कोपरगाव येथेही. अशा रचनेत प्रत्येक ठिकाणी नव्याने जुळणी करण्यापेक्षा एकदाच काळजीपूर्वक साचा घडवणे व्यवहार्य ठरते.

साच्यात काय असावे, काय नसावे

साच्यात डेबियन लिनक्स, कोहाची संकुले, मारियाडीबी व आवश्यक ती सुरक्षा-अद्यतने असावीत. भारतीय प्रमाणवेळही आधीच लावून ठेवावी. याहून महत्त्वाची बाब मराठीची आहे. झेब्राची सर्वसाधारण मांडणी रोमन लिपी गृहीत धरून केलेली असते. देवनागरी शब्दांचा शोध नीट लागण्यासाठी आयसीयू ही पद्धती निवडावी लागते. हा बदल राहून गेला तर ग्रंथ कपाटात व नोंद संगणकात असूनही विद्यार्थ्याला तो सापडत नाही आणि दोष ग्रंथपालाच्या माथी येतो. साच्यात ही निवड एकदा केली की ती प्रत्येक महाविद्यालयास आपोआप मिळते. साच्याचे सर्वांत मोठे मोल अशा स्थानिक दुरुस्त्यांमध्येच आहे.

काय वगळावे हा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. 'कोहा-क्रिएट' ही आज्ञा दिली की त्या ग्रंथालयाचा माहितीसंग्रह तयार होतो आणि त्याचा पासवर्ड 'कोहा-कॉन्फ' या फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिला जातो. ही आज्ञा साचा घडवतानाच दिली गेली, तर त्यापासून निघालेल्या प्रत्येक यंत्राचा पासवर्ड एकच राहील. म्हणून ती यंत्र प्रथम सुरू होईल तेव्हाच द्यावी. दूरस्थ प्रवेशासाठी लागणाऱ्या एसएसएचच्या यजमान-किल्ल्याही पुसून टाकाव्यात. अन्यथा एका महाविद्यालयाच्या यंत्रावरील किल्ली हाती आलेल्यास दुसऱ्या महाविद्यालयाच्या यंत्राचे सोंग घेता येईल. यंत्राचा ओळखक्रमांक असलेली 'मशीन-आयडी' फाइल रिकामी करावी. ती तशीच राहिली तर दोन प्रती एकाच नेटवर्कवर एकच आयपी पत्ता मागू शकतात, आणि या बिघाडाचे कारण शोधण्यात दिवस जातात. टंकलेल्या आज्ञांचा इतिहासही पुसणे अगत्याचे आहे, कारण घाईत टंकलेले पासवर्ड तेथेच साठून राहतात. यांतील बरेचसे काम 'व्हर्ट-सिसप्रेप' हे साधन करते. ते चालवल्यानंतरही एकवार डोळ्यांखालून घालावे.

यंत्र प्रथम सुरू होताना त्याचे नाव, नवी किल्ली, पासवर्ड इत्यादी वैयक्तिक बाबी 'क्लाउड-इनिट' या साधनाद्वारे भरता येतात. त्यासाठी महाविद्यालयागणिक एक छोटी मजकूर-फाइल पुरते. त्यानंतर 'कोहा-डंप'ने घेतलेली जुनी प्रत 'कोहा-रिस्टोअर'ने भरावी. जुन्या आवृत्तीची प्रत नव्या आवृत्तीत भरल्यास माहितीसंग्रहाची रचनाही अद्ययावत करावी लागते. उलट दिशेने, म्हणजे नव्या आवृत्तीची प्रत जुन्या साच्यात, भरण्याचा प्रयत्न करू नये.

बेणे आणि रोग

ऊस हा कांडीपासून वाढतो, त्यामुळे प्रत्येक रोप हे मूळ बेण्याची हुबेहूब प्रत असते. 'फुले २६५'चे गुण जसे बेण्यातून येतात तसाच काणी रोगही बेण्यातूनच येतो. म्हणून शेतकरी स्वतंत्र बेणेमळा राखतो व ठरावीक वर्षांनी बेणे बदलतो. साच्याची स्थिती याहून वेगळी नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला, तेव्हा तो त्या संकुलात सुमारे दोन वर्षे होता. त्या काळात घडवलेल्या साच्यापासून दोष उघड झाल्यानंतर नवे यंत्र काढले, तर तेही जन्मतःच सदोष निघणार. चालू यंत्रे दुरुस्त करूनही साचा विसरला गेला, तर रोग पुन्हा शेतात येतो.

यास्तव साचा हाताने न घडवता तो घडवण्याची कृती लिहून ठेवणे श्रेयस्कर. २०१३ मध्ये आलेले 'पॅकर' हे साधन लिखित कृतीवरून साचा आपोआप तयार करते. दर तिमाहीस ती कृती पुन्हा चालवली की ताज्या अद्यतनांसह नवा साचा हाती येतो. साच्याच्या फाइलला काही जीबी जागा लागते. कृती मात्र दोन-तीन पृष्ठांची असते. तिचे मुद्रण करून ग्रंथालयाच्या दप्तरात ठेवता येते आणि नव्याने रुजू झालेल्या अध्यापकालाही ती वाचता येते. एकाच व्यक्तीच्या डोक्यात असलेली जुळणी अशा रीतीने संस्थेची होते.

मर्यादा

क्लाउडचे भाडे दरमहा द्यावे लागते. महाविद्यालयाच्या खरेदीची पद्धत मात्र एकदाच कोटेशन मागवून वस्तू घेण्याची असते. भाडे थकले तर यंत्र बंद पडते, म्हणून अंदाजपत्रकात त्यासाठी आवर्ती तरतूद हवी. ज्यांना ती शक्य नाही त्यांनी हाच साचा महाविद्यालयातील संगणकावर केव्हीएमखाली चालवावा; पुढे क्लाउडवर जाताना फाइलचे स्वरूप तेवढे बदलावे लागेल. साचा म्हणजे माहितीची सुरक्षा-प्रत नव्हे, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. देवघेवीच्या नोंदी रोज बदलतात, साचा तिमाहीस बदलतो. म्हणून 'कोहा-डंप'ची रोजची प्रत यंत्राबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावी, जायला हवी. ती खरोखर भरता येते की नाही याची चाचणी वर्षातून एकदा, उन्हाळी सुटीत, साच्यापासून नवे यंत्र काढून घ्यावी.