नवें घर आणि उष्णतेचें माप

घर पाहावें बांधून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. तिच्यांत बांधकामाच्या खर्चाचा व त्रासाचा इशारा आहे. पण घर बांधून झाल्यावर जो खर्च सुरू होतो, त्याचा हिशेब तिच्यांत नाहीं. गृहस्थ जागेची किंमत पाहतो, सिमेंट-लोखंडाचा भाव विचारतो, फरशीचा रंग घरांतील सर्वांना दाखवून निवडतो. मात्र हें घर वैशाखांत किती तापेल आणि तें निवविण्यास दर महिना किती वीज लागेल, हा प्रश्न बहुधा पहिल्या उन्हाळ्यांतच त्याच्या ध्यानांत येतो. तोंपर्यंत स्लॅब पडलेला असतो, खिडक्या बसलेल्या असतात, आणि वातानुकूलन यंत्र विकत घेण्यापलीकडे त्याच्या हातीं फारसें उरत नाहीं.

म्हणून घराचा नकाशा काढण्यापूर्वींच त्याचें ऊर्जेचें मानक ठरवावें लागतें. मानक म्हणजे, हें घर किती उष्णता आंत घेईल किंवा किती वीज खाईल याची अगोदर घातलेली मर्यादा. अशीं मानकें आज अनेक आहेत, आणि त्यांचीं प्रमाणपत्रें भिंतीवर सारखींच शोभतात. परंतु प्रत्येक मानक निरनिराळी गोष्ट मोजतें. कोणतें काय मोजतें हें कळलें, म्हणजे निवड अवघड राहत नाहीं.

जर्मनींत डार्मस्टाट येथें १९९१ सालीं ‘पॅसिव्ह हाऊस’ पद्धतीचें पहिलें घर उभें राहिलें. या पद्धतीची मुख्य कसोटी अशी, कीं घर उबदार ठेवण्यास दर चौरस मीटरमागें वर्षाला १५ युनिटांहून अधिक ऊर्जा लागूं नये. त्यासाठीं भिंतींना जाड उष्णतारोधक वेष्टन घालतात, बांधकामांत फट राहूं देत नाहींत, आणि ताजी हवा यंत्रानें आंत घेऊन बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब तिला देतात. थंड देशांत हें मानक फार सरस ठरलें आहे. पुढें उष्ण प्रदेशांसाठींही त्याचे नियम तयार झाले. तरी मुंबईसारख्या ठिकाणीं, जेथें वर्षांतील बराच काळ वाऱ्याची झुळूक हाच खरा विसांवा, तेथें सारें घर बंद करून यंत्रावर सोंपवावें काय, याचा गृहस्थानें नीट विचार करावा.

दुसरा वर्ग गुण देणाऱ्या मानकांचा. ‘ग्रिहा’ ही पद्धति आणि इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची हरित घरांची पद्धति या त्यांतील प्रमुख होत. यांत पाणी, कचरा, झाडें, बांधकामाचें साहित्य व ऊर्जा अशा अनेक विषयांचे गुण मिळून श्रेणी ठरते. दृष्टि व्यापक आहे, हा यांचा मोठा गुण. परंतु परीक्षेंतील एकूण गुणांवरून मुलाचें गणित कसें आहे तें कळत नाहीं. त्यासाठीं गुणपत्रिकाच पाहावी लागते. तसेंच येथेंही ऊर्जेच्या सदराखालीं किती गुण मिळाले, हें वेगळें विचारावें.

तिसरी ताऱ्यांची पट्टी. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी ही केंद्रीय संस्था शीतकपाटाप्रमाणें निवासी इमारतींनाही एक ते पांच तारे देते. येथें माप विजेचें असतें : दर चौरस मीटरमागें वर्षाला किती युनिटें लागतील, यावर तारे ठरतात.

चौथें मानक आपल्या हवामानासाठींच तयार झालें. तें म्हणजे याच संस्थेची ‘इको निवास संहिता’. तिचा पहिला भाग डिसेंबर २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. हा भाग यंत्रांकडे न पाहतां घराच्या कवचाकडे, म्हणजे छप्पर, भिंती व खिडक्यांकडे पाहतो.

छपरासाठीं तिची मर्यादा १.२ ही आहे. दोन्ही बाजूंच्या तपमानांत एक अंशाचा फरक असतां एका चौरस मीटरांतून किती वॉट उष्णता वाहते, त्याचा हा आंकडा. वर कांहींच आवरण नसलेल्या स्लॅबचा आंकडा ३ किंवा त्याहूनही अधिक भरतो. समजा, छप्पर १०० चौरस मीटर आहे आणि फरक १० अंशांचा आहे. संहितेप्रमाणें बांधलेल्या छपरांतून १,२०० वॉट उष्णता आंत येईल. उघड्या स्लॅबमधून ३,०००. हा १,८०० वॉटांचा फरक म्हणजे जवळजवळ दोन इस्त्र्या तापवून घरांत ठेवण्यासारखें आहे. स्लॅबवर उष्णतारोधक थर, आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, एवढ्यानें हें संकट पुष्कळ टळतें.

भिंती व खिडक्या यांतून मिळून येणाऱ्या उष्णतेस संहितेनें, थंड प्रदेश वगळतां, दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटांची मर्यादा घातली आहे. एएसी ब्लॉकची भिंत विटांच्या नेहमींच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी उष्णता आंत येऊं देते. परंतु पश्चिमेस मोठी उघडी कांच लावली, तर भिंतीनें वांचविलेलें तेथें वायां जातें. मावळतीचें ऊन तिरपें येत असल्यामुळें नुसता छज्जा तें अडवूं शकत नाहीं. तेथें जाळी, बाहेरचा पडदा किंवा झाड हवें.

वाऱ्यासाठींही माप दिलेलें आहे. उघडूं शकणाऱ्या खिडक्या-दारांचें क्षेत्र मुंबईच्या दमट हवेंत घराच्या चटई-क्षेत्राच्या एक षष्ठांश, नागपुरास एक अष्टमांश, तर सोलापूरच्या कोरड्या हवेंत एक दशांश असावें. म्हणजे ६० चौरस मीटरांच्या घरास अनुक्रमें १०, साडेसात व ६ चौरस मीटर. येथें एक गोष्ट विसरूं नये. दोन झडपांची सरकती खिडकी अर्धीच उघडते. तिचें अर्धेंच क्षेत्र हिशेबांत धरावें.

ही संहिता मुळांत ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठीं आहे. लहान भूखंडावर घर बांधणाऱ्यास ती पाळण्याची सक्ति नसली, तरी पाळण्यास मनाई नाहीं. वास्तुशिल्पज्ञास पहिल्याच भेटींत हे तीन आंकडे सांगावे, आणि नकाशाबरोबर त्यांचा हिशेब लेखी मागावा. कवच असें ठरल्यावर यंत्रांचे तारे पाहावे, मग छपरावरील सौरपट्टिका. हा क्रम उलटा केला, तर तापणाऱ्या घरांत उत्तम यंत्र बसविल्यासारखें होतें.

यंत्र दहा-पंधरा वर्षांनीं बदलतां येतें. छप्पर व भिंती नातवंडांपर्यंत राहतात. शिवाय भर उन्हाळ्यांत दुपारीं वीज गेली, कीं पंचतारांकित यंत्रही स्तब्ध होतें. त्या वेळीं वरच्या मजल्यावर झोंपलेल्या वृद्धास आणि पाळण्यांतील मुलास जपण्याचें काम त्यांच्या डोक्यावरील छप्परच करतें.