निवृत्तीनंतरची 48 वर्षं

1914 साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधली गणिताची प्राध्यापकी संपली, तेव्हा धोंडो केशव कर्वे पंचावन्न-छप्पन्नचे होते. पूर्वी कॉलेज सुटलं की शहरातून, विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायी जायचे, चिखल तुडवत. आता अख्खा दिवसच मोकळा!

1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. सत्तरी ओलांडल्यावर स्वारी परदेश दौऱ्यावर निघाली. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनची गाठही घेतली. 1936 मध्ये, अठ्ठ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवं मंडळ स्थापन केलं.

घरातली माणसंही नावाजलेली: मुलगा र. धों. कर्वे, दुसऱ्या मुलाची पत्नी इरावती कर्वे, नात गौरी देशपांडे. असे आजोबा घरात असणं सोपं नसणार, हेही खरं!

1958 मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं. त्यानंतरही ते चार वर्षं जगले.