जीवाणूंच्या संदेशाची आखूड शेपटी



तिमाही परीक्षेत बारावीच्या जीवशास्त्राच्या पेपरात 'चूक की बरोबर ते लिहा' या प्रश्नात एक वाक्य होते : जीवाणूंच्या संदेशवाहक आर.एन.ए.ला पॉली-ए शेपटी नसते. आमचे अपेक्षित उत्तर होते 'बरोबर'. एका विद्यार्थिनीने मात्र 'चूक' असे लिहून खाली जोडले, 'असते, पण आखूड असते.' तिचा एक गुण कापला गेला. ती उत्तरपत्रिका घेऊन आमच्याकडे आली. हिंदी माध्यमातून बी.एस्सी. करताना आम्हीही 'जीवाणूच्या संदेशाला पूंछ नसते' हेच पाठ केले होते. त्यामुळे प्रथम आम्ही तिलाच समजावू लागलो. मग विज्ञानाच्या शिक्षकांसह बसून नीट वाचले, तेव्हा कळले की चूक आमचीच होती. म्हणून हा लेख.

पेशीत डी.एन.ए. म्हणजे मूळ दप्तर. त्यातल्या एखाद्या पानाची नक्कल करून ती प्रथिने बनविणाऱ्या रायबोसोमकडे जाते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए. ती ए, यू, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली असते. मनुष्य, प्राणी, वनस्पती यांच्या पेशींत या संदेशाच्या शेवटी नुसत्या 'ए' अक्षरांची लांब माळ जोडली जाते. आपल्या पुस्तकात ती २०० ते ३०० अक्षरांची सांगितली आहे. हीच पॉली-ए शेपटी. ती संदेशाला टिकविते आणि प्रथिन बनविण्यास मदत करते.

जीवाणूंत संदेशावर अशी प्रक्रिया लागत नाही, असे पुस्तक म्हणते व ते खरे आहे. पण त्यावरून 'शेपटीच नसते' हा निष्कर्ष आम्ही काढला, तो खरा नाही. 'ए' अक्षरे जोडणारे एन्झाइम ई. कोलाय या जीवाणूत १९६२ सालीच सापडले होते. प्राण्यांच्या संदेशावरील शेपटी त्यानंतर, १९७१ च्या सुमारास, शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली. जीवाणूंतील शेपटीचा पाठपुरावा बॉस्टन येथील संशोधिका नीलिमा सरकार यांनी वर्षानुवर्षे केला. १९९२ साली त्यांनी व त्यांचे सहकारी काओ यांनी ई. कोलायमधील त्या एन्झाइमचे जनुक ओळखून दाखविले.

मग ही गोष्ट इतकी वर्षे दुर्लक्षित का राहिली? याचे उत्तर प्रयोगाच्या पद्धतीत आहे. पेशीतील एकूण आर.एन.ए.पैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग रायबोसोमचा असतो, संदेश जेमतेम काही टक्के. तांदळातून खडे वेचावेत तसे ते वेचावे लागतात. १९७२ साली अविव व लेडर यांनी सोपी युक्ती सांगितली. 'ए' ची जोडी 'टी' शी जमते. म्हणून सेल्युलोजच्या कणांवर 'टी' च्या छोट्या माळा चिकटवून ते एका नळीत भरायचे आणि वरून मिठाच्या द्रावणातील आर.एन.ए. सोडायचा. शेपटीवाले संदेश अडकतात, बाकीचे वाहून जातात. नंतर मीठ कमी केले की अडकलेले सुटून खाली येतात.

प्राण्यांच्या पेशींसाठी ही युक्ती उत्तम. जीवाणूंत मात्र शेपटी बहुधा १० ते ४० अक्षरांचीच असते, तीही थोड्याच संदेशांवर. अडकणार काय? शिवाय जीवाणूंचा संदेश सरासरी काही मिनिटेच टिकतो. म्हणून पेशी झटपट थंड करून फोडाव्या लागतात, हातमोजे घालावे लागतात, कारण आपल्या त्वचेवरही आर.एन.ए. कापणारी एन्झाइमे असतात. शेपटी मोजायची रीत तर फार सुंदर आहे. एक एन्झाइम 'सी' व 'यू' नंतर कापते, दुसरे 'जी' नंतर. दोन्ही एकत्र वापरली की संदेशाचा भुगा होतो, फक्त 'ए' ची माळ अखंड उरते! ती मोजायची. आर.एन.ए. कुरतडणारी काही एन्झाइमे ज्यांच्यात निकामी आहेत, अशा जीवाणूंत शेपट्या अधिक लांब मिळतात, म्हणून अभ्यासासाठी तेही वापरतात.

सर्वांत मोठे नवल शेपटीच्या कामाचे. संक्रांतीला आपण पतंगाला शेपटी लावतो, ती त्याला स्थिर ठेवते. प्राण्यांच्या संदेशाची शेपटी तशीच. पण पतंग कटला की खाली लोंबणारा मांजा धरूनच मुले त्याला पकडतात. जीवाणूची शेपटी या मांजासारखी! संदेशाच्या टोकाला बहुधा एक घट्ट वळसा असतो, त्यामुळे कुरतडणाऱ्या एन्झाइमांना पकड मिळत नाही. 'ए' ची मोकळी शेपटी ती पकड देते आणि संदेश लवकर नष्ट होतो. १९९० नंतरच्या दशकातील प्रयोगांनी हे दाखविले. जीवाणूला याचा लाभच आहे. दुधातली साखर संपली की ती पचविण्याचे जुने हुकूम पेशीत फिरत ठेवून काय उपयोग?

शेपटीचे महत्त्व आता घरोघरी पोचले आहे. कोविडच्या साथीत दिलेल्या एम-आर.एन.ए. लसींतही संदेश टिकावा म्हणून पॉली-ए शेपटी जोडलेली होती. वस्तू एकच, पण एका घरी ती राखण करते, दुसऱ्या घरी निरोप देते.

त्या विद्यार्थिनीचा गुण आम्ही परत दिला आणि वर्गात सर्वांसमोर चूक मान्य केली. मुलांनो, गुरुजनांचा आदर जरूर ठेवा, पण शंका मनात दाबून ठेवू नका. पुस्तक उघडा, आमचे दारही उघडे आहे. आणि पालकहो, मूल 'असे का?' म्हणून विचारील तेव्हा त्याला गप्प करू नका. त्या दिवशी आम्ही तिला गप्प केले असते, तर आम्ही स्वतःच अडाणी राहिलो असतो.