खांबावरचा माणूस कोणाच्या वहीत?

उल्हासनगरात वीज गेली की पहिला फोन बहुधा नगरसेवकाला जातो. त्याचा तिथे काडीचाही अधिकार नसतो. रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा, पण त्यात येणारी वीज, रोहित्र, मीटर आणि दुरुस्तीला येणारा तंत्रज्ञ महावितरणचा. निवडून आलेल्या माणसाला वीज कंपनीतल्या माणसांचा हिशेब विचारता येतो, असे राज्यातले ठळक उदाहरण एकच : मुंबईची बेस्ट. कंपनी 1905 ची. 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ती मुंबई महापालिकेने ताब्यात घेतली. वर महाव्यवस्थापक, त्याच्यावर नगरसेवकांची बेस्ट समिती, आणि अर्थसंकल्प समितीतून महापालिकेकडे. म्हणजे भरतीचा खर्च मंजूर करणारा माणूस मतदाराच्या ओळखीचा. 2003 च्या वीज कायद्यानेही अशा स्थानिक संस्थांचे वेगळेपण मान्य केले. इतर वितरकांच्या क्षेत्रात ग्राहकाला दुसऱ्याकडून वीज घेण्याची जी मुभा कलम 42(3) देते, तिच्यातून आधीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक संस्था वगळल्या आहेत.

याचा अर्थ पालिकेची वीज म्हणजे सुखाची, असा नव्हे. बसच्या तोट्याचा भार वीजबिलावर टाकण्यावरून बेस्टमध्ये बरेच रामायण झाले. शिवाय मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली, आणि समितीची खुर्ची रिकामीच राहिली. देखरेख लोकप्रतिनिधींवर सोपवली की ती निवडणुकीच्या तारखेवरही सोपवली जाते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न कधी पालिकेच्या दारी आलाच नाही. विजेची ओळख मात्र जुनी. शेजारच्या ठाकुर्लीत रेल्वेचे चोळा वीजकेंद्र 1929 पासून होते. 1949 साली निर्वासितांच्या छावणीचे शहर झाले आणि लष्करी बराकींमध्ये घरे, दुकाने, शिलाईची व फर्निचरची कामे दाटीने उभी राहिली. 1960 पासून राज्य वीज मंडळ, 2005 साली त्याचे विभाजन, मग महावितरण. शाखा, उपविभाग, विभाग, मंडळ, परिमंडळ अशी उतरंड. सगळ्यात खाली, शिडी घेऊन फिरणारा तंत्रज्ञ, म्हणजे लोकांच्या भाषेत लाइनमन.

त्याच्यावर देखरेख कोण करते? कायद्याचे उत्तर : वीज नियामक आयोग. कलम 57 नुसार आयोग कामगिरीची मानके ठरवतो. बंद पडलेला पुरवठा किती वेळात सुरू करायचा, नवी जोडणी किती दिवसांत द्यायची, चुकल्यास भरपाई किती. कलम 59 नुसार कंपनीने गाठलेली पातळी आणि दिलेली भरपाई आयोगाला कळवायची, आणि आयोगाने ती वर्षातून एकदा तरी प्रसिद्ध करायची. वीज किती वेळा गेली, किती वेळ गेली, हे सारे यात मोजले जाते. हे मोजमाप उपयोगी आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण शाखेत मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रात्रपाळीला शिडी धरायला दुसरा माणूस होता का, हे त्या तक्त्यात येत नाही.

ते येते दुसऱ्याच कागदात, आणि तिथे मेख आहे. वीजदर ठरवताना आयोग चालवण्याचा व देखभालीचा खर्च मान्य करतो. तो साधारणपणे मागील वर्षांच्या प्रत्यक्ष खर्चाच्या सरासरीवर महागाई चढवून काढला जातो. जागा रिकामी राहिली की पगार वाचतो. वाचलेला पगार सरासरीत उतरतो. आणि रिकामी जागा हळूहळू नियम बनते. कोणी ठरवून कपात केली असे म्हणता येत नाही, कारण तशी कोणाची सहीच नसते. मधली पोकळी भरतात मानधनावरचे विद्युत सहायक (तीन वर्षे कंत्राटी, मग तंत्रज्ञ) आणि बाह्यस्रोत कामगार. लाइनवर काम करण्याआधी पुरवठा बंद करून परमिट घ्यायचे, चाचणी करायची, तारा जमिनीशी जोडायच्या. ही शिस्त दोघांची आहे. एकट्याने ती पाळायची म्हणजे वेळ लागतो, आणि घड्याळ तर मानकांचे चालू असते! वेग मोजला जातो, सावधपणा मोजला जात नाही. किंमत शिडीवरचा देतो.

भिवंडीने दुसरा रस्ता पाहिला. 26 जानेवारी 2007 पासून तिथले वितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे आहे. यंत्रमागांच्या त्या शहरात गळती फार मोठी होती, ती बरीच खाली आली. पण फ्रँचायझीने किती माणसे ठेवायची हे ठरवण्यात भिवंडीच्या महापालिकेला आवाज नाही. करार महावितरणशी आहे.

बदलापूरच्या ग्राहकाला आज दाद मागायची तर कल्याण परिमंडळाचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल. तिथे भरपाई मिळू शकते, चुकीचे बिल दुरुस्त होऊ शकते. शाखेतली रिकामी जागा भरा, असा आदेश मात्र तिथे मागता येत नाही. तो मुद्दा काढायचा तर दरवाढीच्या प्रस्तावावरील जाहीर सुनावणीत काढावा लागतो, आणि त्यासाठी हरकत आधी लेखी, मुदतीत द्यावी लागते.