ट्रिप मीटर अडकला? अख्खा मीटर बदलायच्या आधी एवढं बघा



मालीम किंवा कुटबण जेटीवरून मासळी भरून म्हापसा, मडगाव, नाहीतर चोर्ला घाटातून बेळगावला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या गाड्या जुन्या आहेत. डिझेलचा काटा कधीच झोपलेला असतो. मग हिशेब ट्रिप मीटरवर: टाकी फुल केली, ट्रिप शून्यावर आणला, ठरलेले किलोमीटर झाले की पंप. हाच ट्रिप मीटर मधेच अडकला आणि लक्षात आलं नाही, तर गाडी घाटात उभी. डिझेल गाडी कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही, बोटीच्या इंजिनासारखी लाइनमधली हवा काढावी लागते. तोवर बर्फ वितळतो आणि सकाळचा बाजार हातचा जातो.

मेकॅनिक बहुतेक वेळा सांगतो, "मीटरच बदला." खर्च करण्याआधी बिघाड कुठे आहे ते आपणच ओळखू शकतो.

आत काय चालतं?
जुन्या गाडीत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल येते. गाडी चालली की आतली तार फिरते. त्या तारेवर एकच दांडा फिरतो आणि दोन कामं करतो. पुढे लोहचुंबक फिरवून वेगाचा काटा हलवतो आणि बारीक गिअरमधून आकड्यांची चाकं फिरवतो. एकूण किलोमीटर आणि ट्रिप, दोन्ही चाकं त्याच गिअरवर. म्हणून काय बंद आहे आणि काय चालू आहे, यावरूनच दोष कळतो.

१) काटा, एकूण किलोमीटर, ट्रिप, तिन्ही बंद: मीटरला दोष देऊ नका. मीटरमागून केबल सोडा आणि कोणाला तरी गाडी मोकळ्या जागेत हळू चालवायला सांगा. तारेचं टोक फिरत नसेल तर तार तुटलीय, चौकोनी टोक झिजून गोल झालंय, किंवा गिअरबॉक्सकडचा छोटा गिअर गेलाय. टोक फिरत असेल तरच दोष मीटरमध्ये.

२) काटा हलतो, पण दोन्ही आकडे थांबलेत: केबल ठीक आहे. मीटरच्या आतल्या प्लास्टिक गिअरचे दात गेलेत किंवा तो दांड्यावर सैल झालाय.

३) एकूण किलोमीटर चालू, फक्त ट्रिप बंद: आधी शून्यावर आणायचं बटण बघा. ते अर्धवट दाबलेलं अडकलं असेल तर ट्रिपची चाकं गिअरपासून सुटलेली राहतात. धूळ, चिकटा साफ करून बटण दोन-चार वेळा दाबून सोडा. नाही जमलं तर ट्रिपचा गिअर तपासावा लागेल. चालत्या गाडीत ट्रिप शून्यावर आणायची सवय हे याचं एक मोठं कारण. फिरत्या गिअरचे दात तुटतात. गाडी उभी करूनच बटण दाबा.

४) काटा थरथरतो, टकटक आवाज येतो: केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी वाकलीय. तार काढून पुसा, हलकं ग्रीस लावा. पण मीटरकडची वीतभर तार कोरडीच ठेवा, नाहीतर ग्रीस चढत मीटरमध्ये जातं.

केबल नसलेल्या गाड्या
नंतरच्या गाड्यांत गिअरबॉक्सवर सेन्सर असतो आणि ट्रिप डिजिटल दिसतो. चावी बंद केली की ट्रिप दर वेळी शून्य होत असेल, पण एकूण किलोमीटर शाबूत असतील, तर बॅटरीकडून मीटरला कायम मिळणारा करंट तुटलेला असू शकतो. आधी फ्यूज बघा. कित्येक गाड्यांत घड्याळ किंवा आतला दिवा त्याच फ्यूजवर असतो, तेही बंद असतील तर दुवा मिळाला.

आपला खास शत्रू: खारं पाणी
पेट्यांतून गळणारं बर्फाचं पाणी, जेटीवरचा चिखल आणि खारी हवा, यांनी केबलचं खालचं टोक आणि सेन्सरचा कनेक्टर गंजतो. गाडी धुताना खालून गोड्या पाण्याने धुवा. कनेक्टरवर हिरवट थर दिसला तर बॅटरी सोडून तो साफ करा.

चालतोय, पण बरोबर दाखवतो का?
महामार्गावरच्या किलोमीटर दगडांवरून १० किमी मोजा. ट्रिप ९.४ दाखवत असेल तर तो ६ टक्के कमी मोजतो. मोठे टायर घातले की असं होतं. टायर झिजले की उलट, थोडं जास्त दाखवतो. तेवढा फरक धरूनच ॲव्हरेज काढा.

भंगारातून मीटर आणणार असाल तर तो तुमच्याच मॉडेलचा घ्या. जपानी धर्तीच्या बऱ्याच गाड्यांत एका किलोमीटरला तार ६३७ फेरे घेते. दुसऱ्या हिशेबाचा मीटर बसला तर काटा आणि किलोमीटर दोन्ही चुकणार. मीटर बदलला की जुन्या मीटरचा आकडा आणि तारीख बिलावर लिहून घ्या. उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला शंका राहणार नाही.

आणि दुरुस्ती होईपर्यंत? टाकी फुल केली की एकूण किलोमीटर वहीत लिहा. तेही बंद असतील तर फेऱ्या मोजा आणि निघायच्या आधी डिझेल भरा.

आपल्या ड्रायव्हरला ही माहिती नक्की पाठवा.