क्युबिटांची गणती आणि चुकांचा हिशेब

क्वांटम संगणकाच्या संशोधनात काही वर्षांपूर्वीपर्यंत क्युबिट किती, यावरच चढाओढ चालत असे. आता ते किती वेळा चुकतात आणि त्या चुका दुरुस्त करता येतात का, या प्रश्नाला अधिक वजन आले आहे, आणि ते योग्यच आहे. साधा बिट 0 किंवा 1 असतो, तर क्युबिट अध्यारोपणाच्या, म्हणजे दोन्ही शक्यता एकत्र नांदणाऱ्या अवस्थेत राहू शकतो. मात्र किंचित उष्णतेने किंवा चिपवरील सूक्ष्म दोषानेही ती अवस्था मोडते.

साध्या संगणकात माहितीच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेता येते, पण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढणे निसर्गनियमानेच अशक्य असून ती थेट मोजू गेल्यास नष्ट होते. 1995 मध्ये पीटर शोर यांनी यावर तोड काढली: एका तार्किक क्युबिटाची माहिती नऊ भौतिक क्युबिटांत विखरून ठेवायची आणि ती न वाचता, ते परस्परांशी जुळतात की नाही, एवढेच तपासायचे. पुढे आलेल्या ‘पृष्ठभाग संकेता’त क्युबिट चौकड्यांच्या जाळीत मांडतात. जाळी मोठी केली की तपासणी वाढते, तशा चुकण्याच्या जागाही वाढतात. म्हणून प्रत्येक क्रियेतील चुकीचे प्रमाण साधारण एक टक्क्याच्या उंबरठ्याखाली असेल, तरच हा विस्तार फायद्याचा ठरतो. गूगलच्या 105 क्युबिटांच्या ‘विलो’ या अतिसंवाहक चिपवर 2024 मध्ये हेच दिसले: जाळी 3×3 वरून 5×5 आणि मग 7×7 केली, तेव्हा दर टप्प्यावर तार्किक चूक निम्म्याहून खाली आली.

तरीही, तपासणीसाठीचे क्युबिट धरून, एका तार्किक क्युबिटामागे शंभराच्या आसपास भौतिक क्युबिट खर्ची पडले. हा खर्च कमी करण्यासाठी आयबीएमच्या संशोधकांनी 288 क्युबिटांत 12 तार्किक क्युबिट बसवणारा संकेत मांडला, पण त्यात दूरच्या क्युबिटांनाही जोडावे लागते, जे चिपवर जिकिरीचे आहे. लेसरच्या चिमट्यांनी अणू उचलून हव्या त्या अणूशेजारी नेणाऱ्या यंत्रांत ही अडचण कमी. हार्वर्डमध्ये 2023 मध्ये रुबिडियमच्या अणूंपासून 48 तार्किक क्युबिट घडवले गेले. त्या मोठ्या प्रयोगात मात्र चुका सुधारण्यापेक्षा त्या ओळखून सदोष निकाल वगळण्यावर भर होता, हे बातम्यांत मागे पडले.

सैद्धान्तिक सुधारणांचा वेग याहून लक्षणीय आहे. 2048 बिटांची आरएसए कूटलिपी फोडण्यास 2019 च्या अंदाजाने दोन कोटी क्युबिट लागणार होते. संशोधक क्रेग गिडनी यांनी 2025 मध्ये तो आकडा दहा लाखांच्या खाली आणला, आणि तोही यंत्राच्या चुकांचे गृहीत प्रमाण न बदलता.