तारेच्या बाहुल्या, पॅरिसची शिवण
बाहुलीचा पेहराव : लेखांक 3

मागच्या आठवड्यात आपण पँडोरा पाहिल्या. पॅरिसच्या नव्या धाटणीचे कपडे अंगावर घेऊन युरोपभरच्या दरबारांत रवाना होणाऱ्या त्या बाहुल्या. पुढे फॅशनची मासिकं निघाली, छायाचित्रं आली आणि बाहुलीचं हे काम सरलं. पण 1945 साली पॅरिसवर अशी वेळ आली की या शहरानं पुन्हा बाहुल्यांनाच हाक मारली.

ऑगस्ट 1944 मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटलं, तरी युद्ध संपलेलं नव्हतं. कोळसा नव्हता, विजेचा भरवसा नव्हता, कापड आणि चामडं मिळणं मुश्किल होतं. उंची कपडे शिवणाऱ्या पेढ्यांवर हजारो कारागिरांचं पोट होतं, आणि परदेशी गिऱ्हाईक तुटलेलं होतं. युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या फॅशनवाल्यांनी पॅरिसवाचून काम चालवायला सुरुवात केली होती. गिऱ्हाईक परत आणायचं होतं, शिवाय युद्धात होरपळलेल्यांसाठी पैसाही उभा करायचा होता. अशीच एक पेढी चालवणाऱ्या नीना रिची यांच्या मुलानं, रोबेर रिचीनं, तोडगा सुचवला : कपडे शिवायचे, पण बाहुल्यांच्या मापाचे.

हिशोब सोपा आहे. बाहुली माणसाच्या एक तृतीयांश उंचीची धरली, तर तिला कापड लागतं साधारण नववा हिस्सा. मेहनत मात्र तसूभरही कमी होत नाही, उलट वाढते. जाड कापडाची दुमड एवढ्याशा बाहीत बोजड दिसते आणि एक टाका वाकडा पडला तरी लगेच नजरेत भरतो.

एलियान बोनाबेल या तरुण चित्रकर्तीनं बाहुलीचा आराखडा काढला, जाँ सँ-मार्तँनं तो तारेत उतरवला. उंची जेमतेम 70 सेंटिमीटर. अंग नुसत्या वाकवलेल्या तारेचं, त्यातून आरपार दिसावं असं. डोकी प्लास्टरची, जुआन रेबुल या कातालान शिल्पकारानं घडवलेली. चेहऱ्यांना रंगरंगोटी करायची नाही, हा त्याचा आग्रह होता आणि तो किती योग्य होता! त्या फिकट, गंभीर चेहऱ्यांमुळे नजर थेट कपड्यांवर जाते. भातुकलीत मांडायच्या बाहुल्या नव्हत्याच त्या.

बालेन्सियागा, स्कियापरेली, लेलाँग, लानव्हाँ अशा नामांकित पेढ्या कामाला लागल्या. केशरचनाकार, टोप्या करणारे, चर्मकार, जवाहिरे सगळेच आले. बटणं खरोखर काजात बसत होती, पर्स उघडत होत्या, बूट हातानं शिवलेले होते. क्रिस्तियाँ बेरार यांनी कलादिग्दर्शन केलं, नेपथ्य करणाऱ्यांत जाँ कॉक्तो होता. मार्च 1945 मध्ये लूव्हरच्या मार्सां दालनात दोनशेच्या आसपास बाहुल्यांचं हे ‘तेआत्र द ला मोद’, म्हणजे फॅशनचं नाट्यगृह, खुलं झालं. उपाशी, गारठलेल्या शहरातून सुमारे एक लाख लोक ते पाहायला आले. मदतीसाठी दहा लाख फ्रँक जमले. लोक पोटाला चिमटा घेऊन केवळ झगे पाहायला आले, हे मला पटत नाही. आपल्या शहराचे हात अजून शाबूत आहेत, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

प्रदर्शन लंडनसह युरोपातल्या शहरांत फिरलं. 1946 मध्ये त्याच बाहुल्या नवे कपडे लेवून न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या. तिथेच दौरा संपला. दागिने पॅरिसला परतले, बाहुल्या मात्र सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका दुकानाच्या तळघरात पडून राहिल्या. लेलाँगच्या पेढीवर काम केलेल्या क्रिस्तियाँ दिओरनं फेब्रुवारी 1947 मध्ये स्वतःचा पहिला संग्रह मांडला, पॅरिसकडे पुन्हा जगाचं लक्ष गेलं, आणि तारेच्या बाहुल्यांची आठवण कुणाला उरली नाही. 1952 मध्ये त्या अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात पोहोचल्या. पुढे 1980 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसला नेऊन त्यांची डागडुजी झाली. मूळ नेपथ्य नष्ट झालं होतं, तेही नव्यानं उभारलं गेलं.

पँडोरा काय, या बाहुल्या काय, दोन्ही मोठ्यांसाठी होत्या. फॅशनची बाहुली लहान मुलींच्या हाती जाऊन घराघरांत पोहोचली ती त्यानंतर, आणि त्या वाटेची सुरुवात पॅरिसमध्ये नव्हे, जर्मनीत झाली. एका वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रातून बाहेर पडलेल्या लिलीची, आणि तिच्यावरून 1959 मध्ये अवतरलेल्या बार्बीची गोष्ट पुढच्या आठवड्यात.